टॉवरखालची ट्यूब

नाथाच्या यात्रेची शोभेची दारू ठेवायला सयाजीकाकांनी पत्र्याची शेड घातली, ती थेट विजेच्या टॉवरच्या तारांखाली. म्हसवडच्या अंगाला असलेल्या त्या गावात तेवढीच जागा फुकट होती. संध्याकाळी तारा गुणगुणू लागल्या की कुत्रीसुद्धा शेपूट घालून लांबून जात. काका मात्र लष्करातून निवृत्त झालेले. खुशाल खाली खाट टाकून घोरत.

यात्रेला आलेला पुतण्या अवधूत कराडच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. त्यानं पत्र्याला हात लावला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या.

“काका, वर विजेचं क्षेत्र आहे! पत्र्यात भार साठतोय. आणि दारू असते चिडकी. मग एक ठिणगी पुरे. माझ्या ह्या स्वेटरची उडते ना, तेवढीसुद्धा!”

“चिडकी? दारू हाय का सासू?” काका म्हणाले. “बर्फात तोफगोळ्यांना टेकून झोपलोय मी.”

शब्दांनी भागेना. मग दिवेलागणीला अवधूतनं काकांच्या घरातल्या आपल्या खोलीतली ट्यूब काढून आणली आणि तारांखाली उभी धरली. ना वायर, ना बटण. ट्यूब पेटली. निळसर, थरथरती, आजारी चांदण्यासारखी. त्या उजेडात काकांचा चेहरा मेलेल्या माणसासारखा दिसू लागला.

“आता कळलं?”

“कळलं,” काका कुजबुजले आणि त्यांनी चपला काढल्या.

बनुबाईकाकूंनी लांबूनच पाहिलं आणि हाळी दिली. बघता बघता गाव जमलं. “नाथाच्या नावानं चांगभलं!” कुणी उदबत्त्या लावल्या, कुणी नारळ आणले. केरबा गुरवानं तर ताटात मूठभर कापूर पेटवून शेडच्या दारातच आरती धरली.

“विझवा! आत दारू आहे!” अवधूत ओरडला. हात हलला तशी ट्यूब मंदावली.

“हलू नगं रं! देव इझंल!” चौघांनी त्याला घट्ट धरलं.

कापराची ज्योत आतल्या दारूच्या पोत्यांकडे वाकली. अवधूतला घाम फुटला. शेवटी त्यानं डोळे फिरवले आणि फिजिक्सची पदवी गुंडाळून तो घुमू लागला.

“आग नगं! मला आग नगं! ही दारू हलवा!”

क्षणात नारळ फुटले, पाणी कापरावर पडलं. पोती उचलली गेली.

“पर ठेवायची कुटं?” केरबानं विचारलं.

“देवानं ज्याला धरलं त्याच्याच खोलीत,” काका म्हणाले. “त्याच्यावाणी राखणदार कोण हाय?”

ट्यूब टॉवरखालीच राहिली. तिला हळदकुंकू लागलं होतं. अवधूत खोलीत आला. मिट्ट काळोख. खाटेभोवती छातीएवढी पोती. मार्गशीर्षातली कोरडी थंडी असूनही तो घामानं भिजला होता. सवयीनं त्यानं स्वेटर वर ओढला.

कट्. कट्कट्. कानाजवळ निळं काहीतरी चमकलं.

अवधूत होता तसा थिजला. हात वर, डोकं स्वेटरात.

“अवधूता, अंधारात बसलायस व्हय रं?” दाराबाहेरून काकूंचा मायाळू आवाज आला. “थांब, पणती घिऊन आले.”