तोरसकरांना हिरा लाभत नाही

भाऊ तोरसकर कुठलीही नवी वस्तू आधी उशाखाली घेऊन झोपतात. आता अंगठी किंवा खडा असता तर कुणी हसलं नसतं. रत्न लाभतंय की बाधतंय हे बघायला पुष्कळ लोक ते तीन रात्री उशाखाली ठेवतात. भाऊंनी ही परीक्षा चपला, टीव्हीचा रिमोट आणि एकदा कुकरची शिट्टी इथपर्यंत नेली. वाईट स्वप्न पडलं की सकाळी वस्तू दुकानात परत. बेव्हर्ली पार्कातल्या आमच्या सोसायटीच्या ऑफिसात नवा पंखा आला, तेव्हा वॉचमनने त्यांना विचारलं, "साब, ये भी तकिये के नीचे जाएगा क्या?" भाऊ गंभीरपणे म्हणाले, "एक पाता निकालके दे, देखता हूँ."

"लाभायला पाहिजे" हे त्यांचं पालुपद. डावीकडची लिफ्ट त्यांना लाभत नाही. गुरुवारची दाढी लाभत नाही. आमचा चेअरमन तर कुणालाच लाभत नाही, पण त्याला उशाखाली ठेवून बघायची सोय नव्हती, असं भाऊ म्हणतात.

त्यांचा खरा दात आहे हिऱ्यावर. लिफ्टमध्ये कुणाच्या बोटात हिरा दिसला की झालं. "काढ तो. शुक्रासाठीच घातलायस ना? मग ओपल घाल. हिरा म्हणजे मोठा साहेब, मर्जी फिरली की संपलं. ओपल म्हणजे हेडक्लार्क. काम तेच करतो, त्रास देत नाही." आमच्या मजल्यावरचे शहाभाई हिऱ्यांचे दलाल. ते हात जोडतात. "भाऊ, मेरा पूरा खानदान हीरे पे चलता है. सब जिंदा हैं!"

"अभी तक," भाऊ म्हणतात.

लिफ्ट हसते. मीही हसायचो, जरा जास्तच मोठ्याने. कारण भाऊंचा हिरा कुठला, ते मला ठाऊक होतं.

भाऊ जवळच हाटकेशला एका छोट्या कारखान्याच्या गाळ्यात सुपरवायझर आहेत, तिथे बाटल्यांची झाकणं बनतात. मुग्धा, त्यांची एकुलती एक मुलगी, बारावीला होती त्या वर्षी भाऊंनी अचानक वहिनींना हिऱ्याच्या कुड्या केल्या. वहिनी त्या घालून आमच्याकडे हळदीकुंकवाला आल्या. माझ्या बायकोला म्हणाल्या, "ह्यांनी उशाखाली न ठेवताच आणल्या हो. मला तर भीतीच वाटतेय." सगळ्या बायका हसल्या.

वर्षाच्या आत वहिनी गेल्या. कॅन्सर. स्मशानात भाऊ माझा हात धरून म्हणाले, "बघ ना रे, परीक्षा न करताच घातल्या. हिरा लाभला नाही तिला." मी म्हटलं, "हो, भाऊ."

ते "हो" खोटं होतं. वहिनींच्या छातीतली गाठ कुड्यांच्या आधीची. माझ्या बायकोला त्यांनी ती दाखवली होती आणि शपथ घातली होती, मुग्धाची परीक्षा होईपर्यंत कुणाला बोलायचं नाही म्हणून. बायकोने मला सांगितलं. मी रोज भाऊंबरोबर नाक्यावर चहा प्यायचो. दुसऱ्याच्या बायकोच्या छातीबद्दल आपण कसं बोलायचं, हा माझा प्रश्न होता. आज लिहितानाही माझा मलाच राग येतोय, पण तेव्हा तो मला सभ्यपणा वाटला होता.

यंदा मुग्धाचं लग्न ठरलं. मुलगा चांगला, वसईचा. साखरपुड्यात मुलीला हिऱ्याची अंगठी घालायची त्यांच्याकडे पद्धत. भाऊ अडून बसले: अंगठी ओपलची, नाहीतर साखरपुडा नाही. मुलाची आई म्हणाली, "मोठ्या सुनेला हिरा आणि धाकटीला ओपल? लोक काय म्हणतील? नसेल जमत तर आत्ताच सांगा, आम्हाला दुसऱ्या मुली बघायला."

मुग्धा माझ्याकडे आली. "काका, बाबांना तुम्हीच समजवा ना. मला हिऱ्याचं काही नाही हो. पण हे मोडलं तर मी काय करू?"

रविवारी सकाळी गेलो. भाऊ स्वयंपाकघरात बोंबील साफ करत होते.

"भाऊ, हिऱ्याने काही झालं नव्हतं."

"मुग्धाने पाठवलं वाटतं तुला."

"वहिनींना गाठ आधीपासून होती. कुड्यांच्या आधी. आम्हाला दोघांना माहीत होतं. मी तुम्हाला बोललो नाही."

आता सुरी फेकून मारतील असं मला वाटलं. मारायला हवी होती. त्यांनी पुढचा बोंबील घेतला, त्याचं डोकं काढलं.

"मला पण माहीत होतं," ते म्हणाले. "पाठीला बाम लावत होतो. काखेजवळ हाताला लागली. म्हटलं, हे काय गं? ती म्हणाली, चरबी आहे. मी म्हटलं, असेल."

नळ थेंब थेंब गळत होता. त्यांनी तो आवळला.

"चरबी नाही, हे कळलं होतं रे मला. डॉक्टरकडे न्यायचा धीर झाला नाही. सोनाराकडे नेली."

मी म्हटलं, "मग इतकी वर्षं हिऱ्याला का..."

"दगड आहे तो. त्याला काय होतंय?" त्यांनी हात धुतले, पंच्याला पुसले. "तू एक कर. मुग्धाला ओपलच घ्यायला सांग. तिने हिरा घातला, आणि तिला काहीच झालं नाही, सगळं चांगलं झालं, तर मी काय करू?"

खाली पार्किंगमध्ये मुग्धा थांबली होती. "ऐकलं का बाबांनी?"

"नाही. तू ओपलच घे, बाळ."

"का?"

वहिनींसारखीच उभी होती, एका पायावर भार टाकून. मी म्हटलं, "घे. माझ्यासाठी घे हवं तर."

तिथेच तिने सासूबाईंना फोन लावला, स्पीकरवर. "काकू, बाबांचं जाऊ दे. मलाच ओपल हवाय. आत कसे रंग फिरतात ना त्याच्या, मला फार आवडतो." तिने ओपल कधी नीट पाहिला तरी होता की नाही, कोण जाणे.

पलीकडून सासूबाईंचा आवाज आला, "बरं बाई. पण मग निदान मोठा तरी घेऊ."