तीन सिलांचा हंडा

पद्मावतीच्या हंड्याला तीन सरकारी खात्यांनी मिळून अटक केली, तेव्हा त्याच्याखालचा जाळ अजून विझलाही नव्हता.

श्रावणातली उघडीप होती आणि सुरंगवाडीच्या किनाऱ्यावर घरोघर एकच काम चाललं होतं. पावसाळाभर ओटीवर बसून विणलेली सुती जाळी दर्यात उतरण्याआधी ऐनाच्या सालीच्या काढ्यात उकळावी लागतात. नाहीतर खारं पाणी बघता बघता त्या सुताचा भुगा करतं. ही गोष्ट वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती सरकारला, आणि सरकार त्या दिवशी छत्र्या मिटत मिटत थेट पद्मावतीच्या घरापुढच्या खळ्यात आलं.

त्याचं झालं होतं असं. गोवा तेव्हा फिरंग्यांच्या ताब्यात होता आणि सरहद्दीवर नाकेबंदी होती. चोरटा माल खाड्यांतून येई, हातभट्टीची दारू माडांच्या बागांत गळे, आणि त्यातूनच कोणी घातपाती माणूस बंदुकीची दारू घेऊन येईल अशी वरच्यांना धास्ती असे. हे सगळं रोखायला पोलीस, कस्टम आणि दारूबंदी अशी तीन खाती गावात होती. पण त्यांचं आपसात विळ्याभोपळ्याचं सख्य. कस्टमवाले होडीचा पाठलाग करू लागले, की पोलीस त्यांनाच थांबवून कंदिलाशिवाय होडी का हाकता, असं विचारत. तेवढ्यात चोर घरी जाऊन जेवून झोपलेला असे. शेवटी जिल्ह्याहून सक्त हुकूम आला, की यापुढे तिन्ही खात्यांनी हातात हात घालून काम करावं. हात घालायला पहिलं काय मिळालं, तर हा हंडा.

"काय उकळतंय यात?" दारूबंदीच्या साहेबांनी विचारलं. ते घाटावरचे होते आणि त्यांना समुद्र बघितला तरी शिंका येत.

"जाळी," पद्मावती म्हणाली.

"जाळी कोणी उकळून खातं का?"

"खाऊक नाय ओ! साल लावतंय जाळयांक. ऐनाची साल."

"साल!" साहेबांनी बाकीच्या दोन्ही साहेबांकडे विजयानं पाहिलं. "हातभट्टीतही सालच घालतात."

कस्टमच्या साहेबांना काढ्यात रस नव्हता. ते हंड्याभोवती फिरले आणि त्यांनी त्यावर टिचकी मारली. "तांबं चांगलं आहे. कुठून आणलात?"

"माज्या म्हायेरसून. पेडण्यासून."

"म्हणजे गोव्यातून! जकात भरली होती?"

पद्मावतीचा आवाज चढला. "माज्या लग्नात माज्या बापाशीन दिल्यान तो हंडो! तेवा तुमी जल्माकतरी इल्लास काय? जकात खंय भरूची, मांडवात?"

तिचा नवरा गुणाजी मागे उभा राहून तिचा पदर ओढत होता. तो वादळात होडी हाकणारा माणूस, पण खाकी कपडा पाहिला की तो बायकोच्या आड जाई. फौजदारांनी आतापर्यंत तोंड उघडलं नव्हतं. कारण हंड्यात पोलिसांच्या वाटणीचा गुन्हा कुठला, हे त्यांना सापडत नव्हतं. पण दोन खाती पुढे जाणार आणि आपण मागे राहणार हे बरं दिसेना. त्यांनी दांडा आपटून सांगितलं, "हद्द माझी आहे. हंडा जप्त!"

झाकण घालून दोरी बांधली आणि तिन्ही खात्यांची लाखेची सिलं करायची ठरली. पण हंडा इतका तापलेला, की लाख ठरेना. ती ओघळून चुलीत पडू लागली. मग तिन्ही साहेब हंडा निवेपर्यंत पद्मावतीच्याच ओटीवर बसले आणि तिच्याच घरचा चहा प्यायले. आपल्याच हंड्याच्या अटकेसाठी आपणच चहा करायचा, या विचारानं तिचं डोकं चुलीपेक्षा जास्त तापलं होतं. निघताना फौजदारांनी नियम सांगितला. तिन्ही खात्यांची सिलं असल्यामुळे तिन्ही खात्यांचे साहेब एकाच वेळी हजर असल्याशिवाय हंडा उघडता येणार नाही. उघडला तर तुरुंग.

ते गेल्यावर गुणाजी डोक्याला हात लावून बसला. "गो, पुनव आठवड्यार इली. आणि जाळी त्या काढ्यात चार दिवसांपेक्षा जास्त ऱ्हवली तर कुसतली."

नारळी पुनवेला दर्याला नारळ दिला, की वाडीच्या होड्या पाण्यात पडतात. ज्याच्याकडे जाळी नाहीत त्याची होडी किनाऱ्यावर पालथी राहते, आणि त्याच्या चुलीचंही तेच होतं. नव्या सुताला गुणाजीकडे पैसा नव्हता, आणि विणायला पावसाळा उरला नव्हता. त्या हंड्यात त्यांचं पुढचं वर्ष बुडवून वर लाख ओतली होती.

दुसऱ्या दिवशी पद्मावती पोलीस चौकीवर गेली. फौजदार म्हणाले, "आमची काहीच हरकत नाही. कस्टमला घेऊन या." कस्टमचे साहेब म्हणाले, "आम्ही एका पायावर तयार आहोत. पण दारूबंदीवाले आमच्याकडे यायला हवेत, आम्ही त्यांच्याकडे जाणार नाही." दारूबंदीचे साहेब म्हणाले, "फौजदारांनी बोलवायला हवं, हद्द त्यांची ना?" तिनं त्याच उन्हातून पुन्हा फौजदारांकडे जाऊन हे सांगितलं, तर ते भडकले. "मी बोलवायचं? मी काय त्यांचा शिपाई आहे?" एकदा दोन साहेब खरंच हंड्यापर्यंत आले, पण तिसरे सरहद्दीवर गेलेले. पुढच्या खेपेला तिसरे आले आणि पहिले दोन 'ते येतात म्हणून आम्ही येत नाही' म्हणून बसून राहिले. गरिबाच्या चपला झिजतात म्हणावं, तर पद्मावतीच्या पायात चपलाही नव्हत्या.

त्यावर कडी म्हणजे पहारा. एका खात्याचा दुसऱ्यावर विश्वास नव्हता, म्हणून प्रत्येकानं आपापला शिपाई हंड्यापाशी बसवला. पोलिसांचा बाबली वाडीच्याच पलीकडचा होता, बाकीचे दोघे परके. हे तिघे मात्र पहिल्याच दिवशी एक झाले. सकाळी पेज, दुपारी भात, मधल्या वेळी चहा, आणि बाकी दिवसभर पत्ते. जिल्ह्याच्या हुकुमाचं तंतोतंत पालन त्या ओटीवर तेवढं होत होतं.

"वयनी, आज कडी बरी झाली हा," बाबली ढेकर देऊन म्हणाला.

"मेल्या, माज्या जाळयांवर पारो करतंस आणि माजीच कडी पितंस? लाज नाय वाटणा?"

"लाज वाटता गो. पण भूक लागता त्येका काय करू?"

"माका एक सांग. ह्ये तिघय सायब एका जाग्यार येतत तरी केवा?"

बाबलीनं पान टाकलं आणि जरा विचार केला. "बोलावल्यार कोण येवचो नाय. पण दुसऱ्याक आपल्या आधी काय गावतला असा कळला, तर तिघय जेवण टाकून धावत येतले."

पद्मावती उठली, तिनं डोक्यावर सुक्या बांगड्यांची टोपली घेतली आणि ती घराबाहेर पडली.

पावसाळ्यात ती सुकी मासळी विकायची ती मागीलदारी. साहेब पुढच्या दारी कितीही मोठा असो, त्याच्या घराचं खरं कामकाज मागच्या दारी चालतं, हे तिला पुरतं ठाऊक होतं. फौजदारांच्या बायकोला तिनं चांगले जाड बांगडे निवडून दिले आणि आवाज खाली आणला. "बायनू, घोवाक सांगा. पुनवेच्या आदल्या दिवशी फाटफटी, उजाडताना, आमच्या खळ्यात मोठो माल गावतलो. जो पयलो येतलो तेचा नाव होतला. पण कस्टमाक आणि दारूबंदीक कळाक नये हा!" कस्टमच्या घरी सुकट देताना हेच सांगितलं, फक्त कळू नये अशा माणसांची नावं बदलली. दारूबंदीच्या साहेबांच्या बाई माळकरी, मासळीला शिवत नसत. त्यांना तिनं कोकमाची सोलं दिली, आणि वर तीच बातमी.

त्या दिवशी उजाडताना पद्मावती चुलीपुढे बसून वाट बघत होती. गुणाजी दाराआडून म्हणाला, "गो, माल खंयसून दाखवतलंस? आमका फासार देतले!"

"तू गप ऱ्हव. माल आपल्या पायांनी येतलो."

प्रथम माडाच्या बागेतून फौजदार आले. धोतर नेसून, डोक्याला मुंडासं गुंडाळून, दोन शिपायांसह, जवळजवळ रांगत. कुंपणापाशी त्यांना एक माणूस दिसला. डोक्यावरून इरलं पांघरलेला, ओणवा, हंड्याकडे टक लावून बघणारा. फौजदारांनी एका उडीत त्याची मान पकडली. "सापडलास!"

"सोडा! मी अंमलदार आहे!" इरल्यातून दारूबंदीचे साहेब ओरडले आणि पाठोपाठ शिंकले.

एवढ्यात खाडीच्या बाजूनं कस्टमचे साहेब होडीतून उतरले, ते गुडघाभर चिखलात. समोर धोतरवाला आणि इरलंवाला यांची झटापट चाललेली. चोरांची मालावरून जुंपली असणार, हे त्यांनी ओळखलं. त्यांनी शिटी फुंकली आणि त्यांच्या माणसांनी फौजदारांना मागून मिठी मारून चिखलात आडवं केलं. ओटीवर घोरणारे तिघे पहारेकरी शिटीनं दचकून धावत आले.

"ओ, सोडा, सोडा!" बाबली किंचाळला. "ते आमचे सायब!"

तिन्ही साहेबांनी एकमेकांची तोंडं पाहिली.

"तुम्ही इथे कसे?" फौजदारांनी अंगावरचा चिखल झटकत विचारलं.

"सहज. फिरायला," दारूबंदीचे साहेब म्हणाले.

"इरलं घालून?"

"पाऊस आला तर? आणि तुम्ही धोतर नेसून?"

"आज रजेवर आहे." मग दोघे मिळून कस्टमच्या साहेबांकडे वळले. ते चिखलातून आपला एक बूट उपसत होते.

तेव्हा पद्मावती पुढे आली. शिटीच्या आवाजानं वाडीतली माणसं एकेक करून कुंपणाशी जमू लागली होती.

"इलास? तिघय इलास?"

"माल कुठे आहे?" तिघांनी एका सुरात विचारलं.

"ह्यो काय! तुमी तिघय. तुमकाच पकडूचा होता माका." आणि मग इतके दिवस गिळलेलं सगळं तिच्या तोंडातून बाहेर पडलं. "दारोदार फिरलंय मी! ह्यो म्हणता तेका घेवन ये, तो म्हणता ह्येका घेवन ये. तुमची शिपायां माजी पेज खातत आणि माजी जाळी थय कुसतत. चोर पकडूक तुमका तिघांक एका जाग्यार येवक येणा नाय, आणि गरिबाचो हंडो धरूक बरे एकमतान येतास! आता सिला फोडा."

"असं नाही करता येत," फौजदार म्हणाले. "लेखी हुकूम लागेल. वरून—"

"बरा. मगे मी ह्या माणसांक सांगतंय, फौजदारान दारूबंदीचो सायब चोर म्हणान धरल्यान, आणि कस्टमान फौजदाराक चिखलात लोळयल्यान. बाजारापर्यंत खबर जावक माका टोपली उचलूचो अवकाश."

इतक्या दिवसांत झालं नाही ते तिन्ही खात्यांचं एकमत तेवढ्यात झालं. तिघांनी मिळून लाख फोडली, दोरी सोडली आणि झाकण काढलं. दारूबंदीच्या साहेबांनी इज्जत राखायला काढ्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि त्यांचं तोंड असं कडू झालं की ते माडाआड जाऊन थुंकले.

"ह्याच पयल्या दिवशी चाखलास असता तर?" पद्मावतीनं विचारलं.

गुणाजीनं एकेक जाळं बाहेर काढून दोन्ही हातांनी ताणून पाहिलं. वरची टिकली होती. अगदी तळाचं मात्र नुसतं हात लावताच फाटून त्याच्या ओंजळीत आलं. ते पद्मावतीनं आषाढातल्या झडीत दिव्याची वात मोठी करून करून विणलं होतं. ती त्या काळ्या गोळ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले आणि त्याचाच तिला जास्त राग आला. भरपाईचं कुणी नाव काढलं नाही, आणि तिघेही साहेब तीन वाटांनी निघून गेले.

पुनवेला गुणाजीची होडी इतरांबरोबर पाण्यात पडली, एका जाळ्यानं हलकी.

पुढे जिल्ह्याला काय कळवलं गेलं, ते बाबलीनंच येऊन सांगितलं. तिन्ही खात्यांनी पहाटे तीन बाजूंनी घेराव घालून, कमालीच्या गुप्ततेनं संयुक्त कारवाई पार पाडली. संशयित मालाची जागेवरच तपासणी केली. वरून शाबासकी आली होती, आणि असं सहकार्य सगळ्या किनाऱ्यावर व्हावं, असा शेराही. पद्मावतीनं ऐकलं आणि बांगडे साफ करता करता नुसतं "हूं" म्हटलं.

पण शाबासकीची चटक वाईट. दोन दिवसांनी संध्याकाळी मागीलदारी कोणीतरी खाकरलं. फौजदार होते, आणि पहिल्यांदाच त्यांनी तिला "बाई" म्हटलं. "काही खबर असेल तर सांगा. फक्त त्या दोघांना कळू देऊ नका." ते माडांत दिसेनासे होतात न होतात तो कस्टमचे साहेब आले, आणि त्यांच्या पाठोपाठ एक शिंक ऐकू आली. गुणाजी आतून बघत होता. त्याला वाटलं, आता ही तिघांना मिळून बांगडेच फेकून मारणार.

पद्मावतीनं सुरी पाटावर ठेवली, हात पुसले आणि आवाज असा लावला की माडांतल्या फौजदारांनाही ऐकू जावा.

"खबर आसा. पण मी खबर सुटी विकणंय नाय. तिघांनी मिळान येवा. आणि येताना एका जाळयाचा सूत घेवन येवा."