धोत्रा, मेथी आणि शेटेसरांचे नंबर

शेटेसरांना 'कसं काय, सर?' असं विचारायची चूक अंबाजोगाईत कुणी दुसऱ्यांदा करत नसे. सर थांबत, छत्री काखेत मारत आणि सुरू होत, "झोप लागली का? लागली असंल तर दोनवर जा, न्हाई तर तीनवर. दोन, पोट साफ हाय का? असंल तर चारवर जा." चौथ्या नंबरापर्यंत विचारणाऱ्याची एसटी निघून गेलेली असायची.

हा त्यांच्या विषयाचा परिणाम. सर आमच्या कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवून रिटायर झाले होते. अनोळखी झाड ओळखायचं तर पुस्तकात असेच प्रश्न असतात. पान असं असेल तर या नंबरवर जा, तसं असेल तर त्या नंबरवर, आणि शेवटी झाडाचं नाव निघतं. सर याला 'किल्ली' म्हणत. मी त्याच विषयात गचकलो आणि बसस्टँडजवळ कॉम्प्युटर टायपिंगचं दुकान टाकलं. तेव्हा गावात एसटीडी बूथ आणि कॉम्प्युटर क्लास गल्लोगल्ली निघत होते. मला वाटलं, सुटलो बुवा पानाफुलांतून! कसला सुटतोय? एक दिवस सर छत्रीसकट दुकानात हजर.

"पालेभाज्यांची किल्ली टाइप करायची. भाजी कोणती, तण कोणतं, ते कळलं पाहिजे. नंबर चुकला तर धोत्रा पातेल्यात जाईल. धोत्रा म्हादेवाला वाहतेत बे, फोडणीला न्हाई टाकत!"

टाइप करायला माझी ना नव्हती. पण सर जातील तिथून नवीन पाला आणत. पाटोद्याला लग्नाला गेलते, तर येताना खिशात पाथरीची भाजी. ती सहाव्या नंबरला घुसवायची. म्हणजे सहाचे सात, साताचे आठ, आणि जिथं जिथं 'सातवर जा' लिहिलंय तिथं 'आठवर जा'. हे सगळं हातानं. इकडे लग्नपत्रिकावाले माझ्या नावानं शिमगा करतायत. वर सरांची अट, रंगाचं नाव काढायचं नाही. मी एकदा आपल्या मनानं 'देठ तांबडा' घातलं, तर म्हणाले, "खोडून टाक ते. हाताला काय लागतं, नाकाला काय कळतं, तेवढंच लिही."

शेवटी मी वैतागून किल्ली माझ्याच डब्यातल्या न शिजलेल्या मेथीच्या काडीवर लावून बघितली. प्रामाणिकपणे एकेक नंबर ओलांडत गेलो आणि पोचलो गाजरगवतावर! अर्धी भाजी तोवर पोटात गेलेली. बायकोला हे सांगायची काही माझी छाती झाली नाही.

सरांना सांगितलं तर त्यांचा चेहराच उतरला. "नंबर चुकले म्हणायचे. म्हणजे सगळंच वाया."

मला कसंतरी झालं. मी कॉम्प्युटरमधलं 'हेल्प' उघडून बसलो आणि सापडलं! आकडे टाइपच करायचे नाहीत, कॉम्प्युटरलाच मोजायला लावायचं. 'अमक्यावर जा' हेही त्यालाच जोडून द्यायचं. सरांसमोर मी मधेच काटेमाठ घुसवला. खालचे नंबर आपसूक सरकले. एक बटण दाबलं, तर सगळे 'वर जा'सुद्धा बदलले.

सर खुर्चीतून उठले. "पुन्हा कर." केलं. "पुन्हा." मग म्हणाले, "एकाला सरक म्हटलं की सगळे सरकतेत. अशी पोरं वर्गात कावून न्हाई मिळाली रे मला!" त्या आनंदात त्यांनी पत्रिकावाल्यांनाही चहा पाजला, आणि कागद घेऊन गेले ते छत्री विसरून.

संध्याकाळी छत्री द्यायला सरांच्या घरी गेलो. काकू ओसरीवर बसल्या होत्या, मांडीवर सूप, सुपात मेथी. समोर सर कागद धरून, "एक. पान चोळून बघ. वास येतो का?" काकूंची नजर माझ्याकडे होती, पण मी आलेला त्यांना दिसलो नव्हतो. आणि रंगाचं कोडं मला एकदम उलगडलं.

पाचव्या नंबरावर सर थांबले आणि चहा टाकायला आत गेले. काकू म्हणाल्या, "काचबिंदूनं डोळे गेले बाबा. मागं धोतऱ्याचं पान भाजीत आलं. सुनंनं बघितलं म्हणून बरं. तवापासून तिनं सूप काढून घेतलं. रिकाम्या हातानं बसून लई रडले मी. तर हे म्हणले, थांब, तुझं सूप तुला देतो."

"मग किल्ली लागू पडते ना, काकू?"

त्या हसल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "पाला हातात आला की मला कळतंय रे. त्या दिशी ध्यान न्हवतं, एवढंच. पर ह्यांचं वाचून होईस्तोवर मी नाव सांगत न्हाई. लई मेहनत केलीय त्यांनी."

एवढं बोलेपर्यंत त्यांनी अर्धी मेथी निवडून एका बाजूला सारली होती, तण दुसऱ्या बाजूला.

सर चहा घेऊन आले. कागद उचलून म्हणाले, "कुठं होतो आपण?"

"पाचवर," काकू म्हणाल्या, आणि निवडलेली मेथी त्यांनी हळूच पुन्हा तणात मिसळून टाकली.