पाऊण मापटं मीठ

टक्. बरणीचं झाकण ओट्यावर टेकलं, एवढाच आवाज; पण झोळीतलं बाळ चुळबुळलं आणि सुवर्चलेनं श्वास रोखून धरला. बाळानं ओठ हलवले, पुन्हा झोपलं. पाटावर बसलेली सात वर्षांची प्रणवी दबक्या आवाजात म्हणाली, "अम्मा, मीठ मोजताना तू दर वर्षी हसतेस."

"मला एकदा शून्य मिळालं होतं ना, म्हणून."

"मिठात?"

"केमिस्ट्रीत. तिथून ते मिठापर्यंत आलं."

मग बाळ जागं होईपर्यंत जेवढं सांगून होईल तेवढं ती सांगू लागली.

सुवर्चला तेव्हा अमलापुरमला दहावीच्या उन्हाळी जादा तासांना जायची. कामेश्वरराव मास्टारूंनी मे महिन्याच्या उकाड्यात रासायनिक समीकरणांची गणितं काढली होती. खडूनं बरबटलेला हात सदऱ्याला पुसत ते म्हणायचे, "दोन हायड्रोजन, एक ऑक्सिजन. ही गणती आहे, वजन नव्हे. पंगतीला आपण पानं मोजून मांडतो. कुणी जाडा आला म्हणून त्याला दोन पानं मांडतो का?"

"आमच्या मामाला मांडतात," झान्सी मागच्या बाकावरून पुटपुटली आणि वर्ग हसला.

सुवर्चला सगळ्यांत जास्त हसली. त्या हसण्यात मुद्दा निसटला आणि चाचणीत तिनं दोन ग्रॅम हायड्रोजनला एक ग्रॅम ऑक्सिजन लावून टाकला. मास्टारूंनी लाल शाईचं शून्य काढलं, तेही सावकाश, गोल गरगरीत. "एका ग्रॅमला आठ ग्रॅम लागतो, पोरी. तुझ्या हिशोबानं पाणी केलं तर गाव बिनआंघोळीचं राहील."

त्याच आठवड्यात घरी आवकाय, म्हणजे कैरीचं तिखट लोणचं, घालायचं होतं. अक्काचं लग्न माघात झालेलं, त्यामुळे माहेरचं पहिलं लोणचं राजोलूला तिच्या सासरी जायचं होतं. सासूबाई वेंकटरत्नम्मा. त्या लोणचं चाखून सून जोखतात, असं सगळं गाव म्हणायचं. पन्नास कैऱ्या फोडून, पुसून, पंख्याखाली पसरल्या आणि नेमकी त्याच सकाळी सुवर्चलेची अम्मा, म्हणजे प्रणवीची अम्मम्मा, बाजूला बसली. तीन दिवस लोणच्याला हात लावायचा नाही, बरणीवर सावलीसुद्धा पाडायची नाही. फोडी काही तीन दिवस थांबणार नव्हत्या.

मागच्या ओसरीतल्या खांबाआडून अम्मानं सांगितलं, "तिखट एक, मोहरीची पूड एक, मीठ पाऊण. फोडी बुडतील इतकं तेल. आणि घाबरू नकोस."

पण शून्य ताजं होतं. सुवर्चला थेट शाळेत गेली आणि मास्टारूंना विचारून मोकळी झाली. मास्टारू खाणावळीत जेवणारे एकटे गृहस्थ. लोणच्याशी त्यांचा संबंध ताटाच्या डाव्या बाजूपुरता. तरी त्यांचे डोळे चमकले. "तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी घरून समीकरण आणलंय," ते म्हणाले. त्यांनी ते फळ्यावर लिहिलं, बाणापुढे 'आवकाय' असं ठसठशीत लिहिलं आणि शाळेचा तराजू स्कूटरवर बांधून निघाले. अर्धा वर्ग मागून पळत आला.

"मास्टारू, मापटं कोनाड्यात आहे," खांबाआडून अम्मा म्हणाली.

"मापट्यात हवाही मोजली जाते, अम्मा. तराजू हवेला दाद देत नाही."

मास्टरांना उलट बोलायचं नसतं, आणि खांबाआडून तर नाहीच नाही. दोन किलो तिखट, दोन किलो मोहरी, दीड किलो मीठ, सगळं काट्यावर काटा ठेवून पडलं. दुसऱ्या दिवशी भावोजी आले आणि निम्मं लोणचं बरणीत घेऊन बसनं राजोलूला गेले.

तिसऱ्या दिवशी लोणचं ढवळून मीठ चाखतात. सुवर्चलेनं पानावर थोडं वाढून लांबून सरकवलं. अम्मानं बोट लावलं आणि विचारलं, "मीठ कुठंय?"

मास्टारूंना बोलावणं गेलं. अम्मा म्हणाली, "आता मापटं घ्या. आधी तिखटानं भरा, मग मिठानं. दोन्ही तुमच्या तराजूत घाला."

मापटंभर तिखट अर्धा किलो भरलं. मापटंभर मीठ, एक किलो. मास्टारूंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. काटा तिथंच होता.

"म्हणजे मीठ निम्मंच पडलं," सुवर्चला म्हणाली.

"पानं मोजायची सोडून मी पाहुणे तोलत बसलो." मास्टारूंनी खिशातून लाल पेन काढलं, चिठ्ठीवर स्वतःचं नाव लिहिलं, त्यापुढे शून्य काढलं आणि चिठ्ठी तिच्या हातात दिली. "वर्गात लाव."

"ते नंतर," अम्मा म्हणाली. "आज तिकडे विहीणबाई बरणी उघडणार. माझ्या पोरीला जन्मभर ऐकावं लागेल."

तिकडच्या बरणीत पाऊण किलो मीठ कमी होतं. तेवढी पुडी मांडीवर घट्ट धरून सुवर्चला स्कूटरवर मागे बसली. कालव्याकाठानं, नारळांच्या सावल्यांतून मास्टारू अशी स्कूटर हाणत होते की रस्त्यातल्या बदकांनी आधीच वाट सोडली.

वेंकटरत्नम्मा दारातच उभ्या होत्या. त्यांनी आधी स्कूटरला बांधलेला तराजू पाहिला, मग मास्टारूंना. "लोणच्यामागून मास्टर पाठवायची पद्धत आहे वाटतं तुमच्याकडे?"

मास्टारूंनी हात जोडले. "चूक माझी आहे. अम्मांनी बरोबर सांगितलं होतं. मी मीठ निम्मं घातलं, सुनेला बोल लावू नका. ही पुडी तेवढी बरणीत घाला."

वेंकटरत्नम्मांनी आत पाहिलं, आवाज खाली आणला. "नको. आंघोळ झाल्यावर मी चाखलं होतं. पाऊण किलो घातलंसुद्धा. सूनबाईला कळू नये म्हणून बोलले नाही. बिचारी रडली असती."

आत भांडं पडल्याचा आवाज आला. दारात अक्का उभी. "अत्तय्या, मी पण घातलं. पहाटे, न ढवळता, तळाशी दाबून. तुम्हाला कळू नये म्हणून."

"किती?"

"पाऊण किलोच असेल."

वेंकटरत्नम्मांनी बरणीत बोट बुडवून जिभेला लावलं आणि डोळे मिटले. "समुद्र," त्या म्हणाल्या.

मास्टारूंचा चेहरा मात्र उजळला. त्यांनी भिंतीवर कोळशानं आकडे मांडले. "मीठ दीडपट झालं. आता मिठाकडे बघायचं नाही. जे कमी असतं त्याच्यावर सगळं ठरतं. इथं कैरी कमी पडते. बारा कैऱ्या आणि अर्धा-अर्धा किलो तिखट, मोहरी."

"मग भिंत काय रंगवताय?" वेंकटरत्नम्मा म्हणाल्या. "झाड मागे आहे, झेला कोपऱ्यात आहे."

त्या दुपारी मास्टारूंनी बारा कैऱ्या उतरवल्या आणि एक डोक्यावर घेतली. अक्का आणि तिच्या सासूबाई एकाच परातीत चार हातांनी कालवत होत्या, मधेच एकमेकींकडे बघून हसत होत्या. शेवटी मास्टारूंना गरम भात आणि लोणच्याचा पहिला गोळा मिळाला. खाताना त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. तिखटानं, असं ते म्हणाले.

बोर्डाच्या पेपरात नेमका तोच प्रकार आला: दोन पदार्थ दिलेत, कोणता आधी संपेल? सुवर्चलेनं ते गणित परातीतले चार हात आठवत सोडवलं. पैकीच्या पैकी.

प्रणवीनं सगळं शांतपणे ऐकलं. गुडघ्यांवर हनुवटी टेकवून तिनं थोडा विचार केला.

"पण अम्मा, अम्मम्माला किती घालायचं ते माहीत होतं ना?"

"होतं की."

"आणि ती घरातच होती."

"हो."

"मग तिला लोणच्याला हात का लावू दिला नाही?"

सुवर्चलेनं झोळीकडे पाहिलं. झोळी स्थिर होती. बाळसुद्धा मदतीला उठलं नाही.