नामदेवभाऊंचा थर्मामीटर

आमचे शेजारी नामदेवभाऊ कुणाला राम राम करत नाहीत, तापमान सांगतात. "बेचाळीस पॉइंट पाच, भाऊ!" आपण नुसतं "बरं" म्हणालो की अडकलो. "बरं काय? काल याच वेळेले एक्केचाळीस पॉइंट आठ होतं!"

अनसिंगच्या शाळेत प्रयोगशाळेचे परिचर म्हणून त्यांनी तीस वर्षं काढली. निरोपाला शाल-नारळ मिळाला. थर्मामीटर त्यांनी मागून घेतला. तो अंगणातल्या कडुनिंबाला टांगलेला असतो. दुसरा एक उन्हात, काचेच्या बरणीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते बरणीच्या आतला आणि बाहेरचा फरक वाचायला लावतात. "ऊन आत जाते, गर्मी बाहेर निंगत नाही. धूर सोडून सोडून आपण पृथ्वीले बरणीत कोंबून राह्यलो!" दूधवाल्यालाही हा धडा उभ्यानं ऐकावा लागतो.

कापूस निघाला की लोक वावरातल्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, पेटवून देतात. धूर दिसला की नामदेवभाऊ सायकलवर हजर.

"काहून जाळता बे? आधीच कमी तपून राह्यलं काय?"

"मंग घेऊन जा ना तुमच्या घरी!"

यंदा ते खरंच घेऊन आले. बैलगाडीच्या अकरा खेपा, मी मोजल्या. सगळ्या पऱ्हाट्या घरावरच्या पत्र्यावर अंथरल्या आणि रोज दोनदा त्यांवर पाणी मारू लागले. गल्लीतून जाणारे विचारायचे, "भाऊ, खोपा झाला, आता अंडे कधी?"

मे महिन्यातल्या एका दुपारी मी त्यांच्या ओट्यावर टेकलो होतो. कडुनिंबाखालचा पारा मी स्वतः वाचला: चव्वेचाळीस पॉइंट दोन. आतून त्यांच्या पत्नीनं, कमलवहिनींनी, विचारलं, "आज किती हो?"

"एकोणचाळीस!" नामदेवभाऊ म्हणाले.

मी चमकलो. हा माणूस अर्ध्या अंशासाठी टीव्हीवरच्या बातम्यांशी भांडतो.

ते आवाज उतरवून म्हणाले, "मांगच्या उन्हाळ्यात गर्मीनं चक्कर येऊन चुलीपाशी पडली तुमची वहिनी. तवापासून भेवच बसलं. चाळीसच्या वर ऐकलं का ताट सरकवते." मग पत्र्याकडे पाहिलं. "पृथ्वीचं मी एकटा काय करीन, भाऊ? हे एवढी खोली थंडी करून राह्यलो. बाहेर चव्वेचाळीस असलं त आत एक्केचाळीसावर येते. बाकीचे दोन मी तोंडानं कमी करतो."

तेवढ्यात वहिनी ताट घेऊन दारात आल्या. भाकरीला अजून हात लावला नव्हता.

"याईचा काही भरोसा नाही. भाऊजी, तुमी आकड्याचे पक्के. तुमी सांगा, किती हाये?"

नामदेवभाऊ जमिनीकडे पाहत होते.

"अडतीस पॉइंट नऊ," मी म्हणालो.

वहिनी उंबऱ्यापाशी बसल्या, पाण्याचा तांब्या जवळ ओढला आणि भाकरी मोडली.