मिरजेचा कोच

"या रविवारची मॅच आमच्याकडे," असं श्रीनिवास खांबेटेने ग्रुपवर टाकलं, तेव्हा त्याच्या मनात पोह्यांपलीकडे काहीही नव्हतं. ग्रुप तरी केवढा, तर तीन माणसांचा. अमेरिकेच्या मधोमध, जिथे मक्याशिवाय काही उगवत नाही अशा ठिकाणी, नॉर्थ प्रेअरी नावाचं एक विद्यापीठ आहे. श्रीनिवास, दिलीप आणि सुचित्रा या तिघांनी तिथे एकाच काळात एमएस केलं आणि पुढे नोकऱ्यांच्या मागे फिरत फिरत तिघंही सिंगापूरला येऊन पडली. विद्यापीठाने त्यांना एक डिग्री दिली आणि सोबत कॉलेज फुटबॉलचा रोग दिला. डिग्रीचा उपयोग कधीच संपला, रोग मात्र अजून अंगात आहे. अमेरिकेत शनिवारी संध्याकाळी मॅच असली की इथे रविवारची सकाळ असते. श्रीनिवासच्या पुंगोल वस्तीतली बाकीची माणसं पाण्याच्या कडेने पोरांना सायकल शिकवत असतात, आणि ही तिघं टीव्हीसमोर बसून, काखेत मारून पळायच्या त्या लांबट चेंडूपायी घसे कोरडे करत असतात.

यंदा टीमला नवा हेड कोच आला होता. हॅमिल त्याचं नाव. आल्या आल्या तो पाचातल्या चार मॅच हरला, आणि ग्रुपवर दुसरा विषय उरला नाही. हा टिकणार का?

दिलीप बुकित तिमाहच्या महागड्या, उंच कॉन्डोत राहतो (आणि मतंही तिथूनच, वरून देतो). त्याचं म्हणणं, दिवाळीच्या आत घालवतील. सुचित्रा संशोधन करणारी इंजिनिअर, तिच्या मते अजून डेटा अपुरा होता. कोचच्या बाजूने होता एकटा श्रीनिवास. "नव्या माणसाला वेळ द्यायला हवा" हे वाक्य त्याने इतक्या वेळा लिहिलं होतं की 'नव्या' एवढं टाइप केलं की पुढचं फोन आपणच सुचवायचा.

आता त्याला कोचचा एवढा पुळका का, हे त्या दोघांना ठाऊक नव्हतं. त्याच्या बायकोला, मीनललाही नव्हतं. श्रीनिवास ज्या बँकेत होता तिथे त्याच्या विभागाची फेररचना चालली होती. (फेररचना म्हणजे टेबलं तीच, माणसं कमी.) त्याला गेल्याच वर्षी या विभागाचं प्रमुख केलं होतं, आणि वर्षभरात त्याच्या हातून कौतुक करावं असं काही घडलं नव्हतं. साहेबाने त्याला बोलावून चहा पाजला होता, मुलीची चौकशी केली होती आणि "लाँग टर्मचा विचार चालू आहे, महिनाअखेर सांगतो" असं म्हटलं होतं. साहेबाने कधी नव्हे ते मुलीचं नाव विचारलं, तेव्हाच श्रीनिवासने ओळखलं. इथे राहायचा पास नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की त्याचा पास जाणार, पाठोपाठ मीनलचा आणि जाईचा, आणि महिनाभरात गाशा गुंडाळायचा. तो मनापासून घाबरला होता. मीनलला सांगायचं रोज ठरवायचा आणि रोज तिला भाजी काय आणू म्हणून विचारायचा.

त्यातच सासूबाई आल्या होत्या. मीराबाई सांगलीच्या. निम्म्या सांगलीच्या पत्रिका त्यांनी जुळवलेल्या, आणि उरलेल्या निम्म्यांना वेळेवर सावध केलेलं. आता गणित टॅबलेट करतो, फळ त्या सांगतात.

रविवारी पहिल्याच डावात टीमची दाणादाण उडाली. दिलीपने पोह्यांची बशी मांडीवर घेतली आणि गंमत म्हणून म्हणाला, "काकू, तुम्हीच सांगा आता. आमच्या कोचची पत्रिका बघा. टिकतोय का जातोय, एकदाचा वाद मिटेल."

"बघते की," मीराबाई म्हणाल्या. "तारीख, वेळ, ठिकाण."

दिलीप फोन काढून शोधायला लागला. आणि त्या क्षणी श्रीनिवासच्या डोक्यात जे आलं, ते येण्यासाठी माणूस दोन आठवडे झोपलेला नसावा लागतो. सासूबाईंना आपली पत्रिका दाखवायची तर त्या कारण विचारणार, कारण मीनलला कळणार. पण कोचच्या नावाखाली आपलीच दाखवली तर? कोणाला काय कळतंय?

न कळण्याची त्याला खात्री होती, आणि त्या खात्रीला कारण होतं. श्रीनिवासला तीन जन्मतारखा होत्या. पहिली शाळेतली, गुरुजींनी निम्म्या वर्गाला वाटलेली एक जून. दुसरी लग्नातली. त्याचा खरा जन्म मध्यरात्रीच्या थोडा आधीचा, अकरा मार्चचा. पण त्या वेळेला मंगळ नेमका सातव्या घरात बसत होता. वडिलांनी पत्रिका करताना जन्म तासभर पुढे ढकलला. मंगळ सहाव्यात गेला, घड्याळ बारा ओलांडून गेलं आणि तारीख बारा झाली. मीनल इतकी वर्षं बारालाच केक आणत होती. अकरा तारीख वडिलांबरोबर गेली, आता ती आपल्याशिवाय कोणाला माहीत नाही, असं श्रीनिवास धरून चालला होता.

"मला माहितीये," तो म्हणाला. "अकरा मार्च. रात्री सव्वाअकरा." साल त्याने आपलंच सांगितलं. कोचही साधारण त्याच्याच वयाचा होता.

"ठिकाण?"

इथे पंचाईत झाली. अमेरिकेतलं गाव सांगावं तर पत्रिका भलतीच होणार आणि सगळा खटाटोप वाया जाणार.

"मिरज," श्रीनिवास म्हणाला.

दिलीपचा चमचा थांबला. "हॅमिल मिरजेचा?"

"त्याचे वडील डॉक्टर होते. मिशन हॉस्पिटलात. दोन-तीन वर्षं होते म्हणे तिकडे."

"हे कुठे वाचलंस?" सुचित्राने विचारलं. "इंटरनेटवर तर काही नाही."

"सगळंच नसतं इंटरनेटवर."

मीराबाईंनी चष्म्यावरून जावयाकडे पाहिलं. "मिशन हॉस्पिटलातला जन्म का? बरं," एवढंच म्हणून त्यांनी टॅबलेट पुढे ओढला. पत्रिका पडद्यावर आली. त्या बराच वेळ बघत राहिल्या. टीव्हीवर आपल्या टीमच्या पोराच्या हातून चेंडू निसटला, समोरच्यांनी उचलला, तरी कोणी हललं नाही.

"दशमात राहू," मीराबाई म्हणाल्या. "वर शनीची नजर. खुर्ची आहे, पण राहायची नाही."

"मी काय सांगत होतो," दिलीप खूश झाला. "म्हणजे जाणार ना काकू?"

"गेल्यात जमा आहे. नुसतं त्याला सांगायचं राहिलंय."

श्रीनिवासने बशी खाली ठेवली. पाणी पिऊन तो म्हणाला, "पण आई, नव्या माणसाला वेळ द्यायला हवा."

"मी कुठे नाही म्हणते? पण वेळ देणारे आपण कोण?" मीराबाई पुन्हा पडद्याकडे वळल्या. "माणूस वाईट नाही. भित्रा आहे. मनातलं मनात ठेवतो. पहाटे उठून बाथरूममध्ये जातो, नळ सोडतो आणि फोन बघत बसतो."

"कोच?" सुचित्रा म्हणाली. "हे पण दिसतं पत्रिकेत?"

"बघणाऱ्याला दिसतं. बायकोला वाटतं, याला काही होतंय का. ती बिचारी डॉक्टरकडे चल म्हणते, तर हा भाजी काय आणू विचारतो."

मीनल झारा हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. श्रीनिवासने तिच्याकडे पाहिलं नाही.

मग दिलीप आणि सुचित्राची रीतसर चर्चा सुरू झाली. असल्या चर्चेत श्रीनिवास नेहमी सगळ्यात पुढे असायचा, आज तो सोफ्याच्या कोपऱ्यात बसून ऐकत राहिला.

"मुळात याला वर चढवायलाच नको होतं," दिलीप म्हणाला. "असिस्टंट म्हणून ठीक असतात ही माणसं. सांगितलं तेवढं नीट करतात. पण हेड म्हणून? काही वकूबच नाही."

"चांगला माणूस आहे रे."

"चांगला आहे म्हणूनच कोणी तोंडावर सांगत नाही. आणि हा खुर्ची अडवून बसलाय. लाज असेल तर आपण होऊन जावं."

"जाईल कुठे पण?" सुचित्रा म्हणाली. "या वयात घेणार कोण त्याला? बायकामुलं उचलायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात."

"तो त्याचा प्रश्न झाला," म्हणून दिलीपने आणखी पोहे मागितले.

श्रीनिवासला वाटलं, उठावं आणि याच्या हातातली बशी काढून घ्यावी. पण बशी घेऊन पुढे काय करायचं ते सुचलं नाही. (पुढे काय करायचं ते न सुचणं हा त्याच्या विभागाचाही मुख्य प्रश्न होता.) तो नुसता म्हणाला, "यावर काही उपाय, आई?"

"आहे की. घरी सांगायचं."

"कळवतो त्याला," दिलीप म्हणाला आणि सगळे हसले. श्रीनिवासही हसला, कारण न हसणं संशयास्पद दिसलं असतं.

टीम हरली. पाहुणे गेले, पण मिरज गेली नाही. दिलीपने ती बातमी माजी विद्यार्थ्यांच्या कुठल्याशा फोरमवर टाकली. तिकडे अमेरिकेत दोन जण त्यावरून भांडले. इकडे महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर ती आणखी फुगून आली. बुधवारी श्रीनिवास लिटिल इंडियात कढीपत्ता घेत होता, तिथे मंडळाचे भाऊसाहेब भेटले. भाऊसाहेबांचं सगळं आयुष्य सत्कार करण्यात गेलेलं.

"खांबेटे, अहो आपल्या मिरजेचा मुलगा अमेरिकेत एवढा मोठा होतो आणि मंडळाला पत्ता नाही? शुभेच्छांचा ठराव करू या. तुम्ही गाववाले, तुम्हीच मांडा."

"त्याची नोकरी जातेय हो, भाऊसाहेब."

"मग तर आधी करायला हवा. गेल्यावर काय, कोणीच करत नाही."

हे मात्र श्रीनिवासला पटलं. त्याने शुक्रवारी ठराव मांडला. बोलताना त्याचा आवाज भरून आला, एवढ्या गावाभिमानाचं सगळ्यांना कौतुक वाटलं आणि टाळ्या पडल्या.

महिनाअखेर साहेबाने पुन्हा चहा पाजला. या वेळी खोलीत एचआरची बाई होती आणि टेबलावर टिश्यूचा डबा होता. सगळं फार सभ्यपणे झालं. श्रीनिवासने रडावं अशी त्यांची तयारी होती, पण त्याने नुसते आभार मानले, आणि लिफ्टमध्ये शिरल्यावर आपण आभार कशाचे मानले ते त्याला कळेना. घरी जाताना एमआरटीच्या गाडीत त्याने फोन उघडला. ग्रुपवर दिलीपचा मेसेज होता. विद्यापीठाने हॅमिलचा करार चार वर्षांनी वाढवला होता. 'काकूंची पत्रिका साफ चुकली,' दिलीपने लिहिलं होतं, 'पण तू बरोबर होतास श्री, देत आहेत त्याला वेळ.' श्रीनिवासने अंगठा पाठवला. सबंध सिंगापुरात त्या दिवशी एवढी बरोबर निघालेली पत्रिका दुसरी नव्हती, आणि ते कोणाला सांगायची सोय नव्हती.

पुंगोलला उतरून तो एलआरटीच्या छोट्या गाडीत बसला आणि आपल्या स्टेशनवर उतरलाच नाही. ती गाडी गोल फिरते. दोन फेऱ्या त्याने तशाच मारल्या, दर वेळी खिडकीतून आपली बिल्डिंग दिसली, आपल्या बाल्कनीत वाळत घातलेला जाईचा युनिफॉर्म दिसला. तिसऱ्या वेळी तो उतरला. घरी पोचला तर तिघी जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या.

"मीनल, मला काही सांगायचंय," तो दारातच म्हणाला. "माझी नोकरी गेली."

कोणी दचकलं नाही. जाईने वहीतून डोकं वर काढलं आणि सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "Everybody know already, lah, Baba."

"आधी बस," मीनल म्हणाली. तिचे डोळे लाल होते, पण आवाज शांत होता. "पुण्याच्या माझ्या जुन्या फिजिओथेरपी क्लिनिकशी मी बोललेय. पुढच्या महिन्यात कामावर ये म्हणतात. जाईच्या शाळेचंही विचारलंय. नोकरी गेली त्याचं मला काही नाही रे. पण दोन आठवडे मी तुला कॅन्सर झालाय असं धरून चालले होते. तेवढं मी तुला माफ करणार नाही."

श्रीनिवास बसला. त्याला खूप लाज वाटली आणि त्याहून जास्त हायसं वाटलं. मग त्याने सासूबाईंकडे पाहिलं.

"तुम्ही पत्रिका ओळखलीत? पण ती तारीख तर—"

"मिशन हॉस्पिटलात माझी मावसबहीण नर्स होती, श्रीनिवासराव. तुमचं स्थळ आलं तेव्हाच तिला रजिस्टर बघायला लावलं होतं. अकरा मार्च, सव्वाअकरा. तुमच्या वडिलांचा मान राखायचा म्हणून आम्ही गप्प बसलो."

"म्हणजे मंगळ, राहू, हे सगळं तुम्हाला तेव्हाच दिसलं होतं?"

"सगळं."

"आणि तरी मुलगी दिलीत?" श्रीनिवासने खुर्ची पुढे ओढली. एवढ्या वाईट दिवसात एवढा विश्वास आपल्यावर कोणी टाकला होता, हे ऐकायची त्याला फार गरज होती.

"चर्चा झाली होती घरात," मीराबाई वाटाणे सोलत म्हणाल्या. "तुमच्या त्या मॅचसारखीच. मी म्हणाले, हा माणूस टिकायचा नाही. मीनलचे बाबा म्हणाले, नवा आहे, वेळ द्यायला हवा."

"मग?"

"मग काय. चौदा वर्षं झाली, ते गेलेसुद्धा. चर्चा अजून चालूच आहे."