सॅमसनकाकांना हवी दहा माणसं

फुलचूरच्या आमच्या गल्लीतले सॅमसनकाका नवगावकर जहाज फुटल्याची गोष्ट अशी सांगतात, जणू त्यांची पेटी अजून पाण्यातच आहे. खरं तर ते रेल्वेतले रिटायर्ड गार्ड. जहाज फुटलं त्यांच्या बेने इस्रायली ज्यू पूर्वजांचं, कोकणच्या किनाऱ्यावर, कोण जाणे किती शतकांपूर्वी. वाचलेल्यांनी तेलाचे घाणे टाकले आणि शनिवारी, त्यांच्या धर्मातल्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवला, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले.

हे ऐकून माझे बाबा खूश. आम्हीही तेलीच.

"मंग सोयरेच निंगाले तुमी. पोरगी काऊन नाही देली आमच्यात?"

"वेळेत मागणी आली नाही," काका म्हणाले.

शनिवारी काका दिव्याच्या बटणालाही हात लावत नाहीत. दुसऱ्याला 'लाव' असं सांगायचीही त्यांना बंदी. मग मी गेले की छताकडे बघत म्हणतात, "अंधार फार पडलाय हो आज." मी बटण दाबते. "मी काही सांगितलं नाही हं. रूल म्हणजे रूल."

त्यांची बायको, रिबकाकाकू, गेल्यापासून दर वर्षदिनाला ते ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये जात. गेलेल्या माणसासाठीची त्यांची प्रार्थना दहा माणसं जमल्याशिवाय होत नाही, आणि आमच्या जिल्ह्यात ज्यू म्हणाल तर हे एकटे. यंदा गुडघ्यांनी प्रवास बंद केला. काका बोलेनासे झाले. जहाजसुद्धा फुटेना.

घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. अडचण दिसली की मला बसवत नाही. वर्षदिनाला बाबांसकट नऊ जण गोळा केले, दहावी मी.

काकांनी दारातच मोजलं. "पुरुष लागतात. तेही ज्यू."

"मी बी.ए. आहे काका."

"पोरी, बी.ए. चालत नाही."

"कामं सोडून आलो आमी," बाबा म्हणाले. "आता वापस कायले धाडून राहिले?"

काकांनी दारातून बाजूला होऊन वाट दिली. मग आतून सतरंजी आणली. "प्रार्थना होणार नाही. नुसते बसा."

आम्ही बसलो. काकूंच्या फोटोकडे बघता बघता काकांनी टोपी घातली आणि हिब्रूत काहीतरी म्हणायला लागले. मध्येच थांबले. तिथे सगळ्यांनी आमेन, म्हणजे 'तसंच होवो', म्हणायचं असतं, हे आम्हाला कुठून ठाऊक? ते डोळे मिटून तसेच थांबून राहिले.

बाबांनी घसा खाकरला. "हो जी," म्हणाले.

काकांनी पुढची ओळ म्हटली आणि पुन्हा थांबले. या वेळी आम्ही दहाही जण म्हणालो, "हो जी."